सरकारी वकीलबाईंचं घर

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर, एका लॅपटॉपभोवती पाच जण बसून. अर्ध्या तासात तिघं उठून गेले. "भावा, कॅमेरा हलतच नाही," हा त्यातल्या एकाचा रिव्ह्यू. दुसऱ्यांदा पाहिला तो पावसाळ्यात, मलकापूरला घरी, आईबरोबर. आंबा घाटाकडून येतो तसला चार-चार दिवस न थांबणारा पाऊस, माझं वर्क फ्रॉम होम, आणि नशिबाने त्या रात्री लाईट होती.

सिनेमात एक सरकारी वकीलबाई आहेत, नूतन. गीतांजली कुलकर्णीने हे काम केलंय. एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवणं कसं गरजेचं आहे हे कोर्टात सांगून त्या संध्याकाळी लोकलने घरी निघतात. डब्यात शेजारच्या बाईशी साडीबद्दल बोलणं होतं, ऑलिव्ह ऑइलबद्दल होतं, नवऱ्याच्या डायबेटिसबद्दल होतं. वाटेत मुलाला घेतात. घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. टीव्ही चालू, नवरा आणि पोरं जेवायला बसलेली. आई हे सगळं लक्ष देऊन बघत होती. म्हणाली, "बिचारी. दिवसभर तिथं उभी, घरी येऊन परत ओट्याशी उभी."

आईने सत्तावीस वर्षं एका तालुका कचेरीत कारकुनी केली, रोज एसटीने येऊन-जाऊन. त्यामुळे त्या 'बिचारी'त कोण कोण आहे ते मला कळत होतं. थोडा वेळ गेला आणि ती पुन्हा बोलली, पण आता आवाज वेगळा होता. "पण हीच ना रे ती, त्या म्हाताऱ्याला आत टाका म्हणणारी?"

या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही झालं, त्याच्यावर मला लिहायचंय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. नारायण कांबळे हे मुंबईतले लोकशाहीर. पोरांच्या शिकवण्या घेतात, वस्त्यांमधून गातात. एका कार्यक्रमात स्टेजवरूनच पोलीस त्यांना उचलतात. आरोप असा की त्यांच्या एका गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त करणं, भारतीय दंड संहितेचं कलम ३०६. (आता न्याय संहितेत ते १०८ झालंय. नंबर बदलला, मजकूर साधारण तोच.) मग तारखा. जामीन नाकारला, तारीख. साक्षीदार आला नाही, तारीख. पोलिसांनी आणलेला पंच हा आधीही बऱ्याच केसमध्ये पंच म्हणून उभा राहिलेला, म्हणजे त्याचा धंदाच तो. कांबळेंचे वकील विनय व्होरा हे दाखवून देतात, तरी पुढची तारीख. शेवटी जामीन मिळतो, बाहेर येऊन कांबळे पुन्हा गातात, पुस्तक छापायला देतात, आणि छापखान्यातच त्यांना पुन्हा अटक होते. या वेळी यूएपीए.

२०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोन्ती विभागात हा सर्वोत्कृष्ट सिनेमा ठरला, पहिल्या चित्रपटासाठीचं तिथलं पारितोषिकही मिळालं, मग राष्ट्रीय पुरस्कार, मग भारताकडून ऑस्करला. ताम्हाणे तेव्हा २७ वर्षांचा होता. माझं वय लक्षात घेता हे वाक्य लिहिताना बोटं जराशी जड होतात, असो.

मला खरं तर 'कोर्ट' पुन्हा आठवला तो एका रशियन सिनेमामुळे. निकिता मिखाल्कोव्हचा 'बर्न्ट बाय द सन', १९९४ चा. सरकारी दडपशाहीत घराचं काय होतं, यावरचा सिनेमा म्हटलं की जगभर ज्या दोन-चार सिनेमांची नावं निघतात त्यातला हा एक. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं, तेही झांग यिमूच्या 'टू लिव्ह'बरोबर विभागून, आणि 'टू लिव्ह' म्हणजे चीनमधल्या एका कुटुंबाची माओच्या काळातली फरफट. एकाच वर्षी, एकाच पारितोषिकाचे दोन वाटेकरी, दोन्हीकडे घर आणि घरात घुसलेलं सरकार.

'बर्न्ट बाय द सन'मध्ये १९३६ च्या उन्हाळ्यातला एक दिवस आहे. कोतोव्ह हा क्रांतीच्या युद्धातला नावाजलेला सेनानी, स्टालिनला ओळखणारा. बायको मारुस्या, सहा वर्षांची मुलगी नाद्या, सासरची म्हातारी गाणारी-बजावणारी माणसं, गावाकडचं लाकडी घर, नदी, चहा, पियानो. सिनेमा दोन सव्वादोन तासांचा आहे आणि त्यातला बराचसा वेळ आपण या घरात नुसते लोळत असतो. होडीत बाप लेकीच्या मऊ तळव्यांचं कौतुक करतो. घरात मित्या नावाचा एक जुना ओळखीचा पाहुणा आलेला असतो. तो गुप्त पोलिसांतला निघतो. संध्याकाळी काळी गाडी येते. नाद्याला वाटतं बाबा फिरायला चाललेत, म्हणून ती थोडं अंतर गाडीत बसून जाते, स्टिअरिंग फिरवते, मग तिला उतरवतात. पुढे गाडीत कोतोव्हला मारून मारून रक्तबंबाळ करतात. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात: कोतोव्हला गोळी घातली, मारुस्या छावणीत वारली, १९५६ मध्ये सगळे निर्दोष ठरले.

मी रडलो. न रडणं अवघडच आहे, कारण कोतोव्हचं काम स्वतः मिखाल्कोव्हने केलंय आणि नाद्या ही त्याची खरीखुरी मुलगी. होडीतला तो बाप अभिनय करतोय असं वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र डोक्यात एक गोष्ट टोचत राहिली. ही गोष्ट सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी घर दाखवायचं, इतकं गोड की आपणच त्या घरातले होऊन जातो. मग दारात गाडी आणायची. घर जितकं गोड, तितका घाव खोल. पण या पद्धतीत जो मार खातो तोच फक्त घरंदाज असतो. गाडी घेऊन येणाऱ्यांना घर नसतं. मित्याला बिचाऱ्याला कोणीच नाही, त्याची जुनी प्रेयसी मारुस्या, तीही कोतोव्हची बायको झालेली, आणि शेवटी तो बाथटबमध्ये नस कापून घेतो. ज्यांनी कोतोव्हला मारलं ती दोन-तीन जाडजूड माणसं त्या रात्री कुठे गेली? त्यांनी घरी जाऊन काय खाल्लं? त्यांच्या मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा होती का?

'कोर्ट' नेमका इथे सुरू होतो. ताम्हाणेने घरं दाखवलीत, भरपूर दाखवलीत, पण ती आरोपीची नाहीत. सरकारी वकिलाचं घर आहे, बचावाच्या वकिलाचं आहे, आणि शेवटी न्यायाधीशांचं सगळं गणगोत आहे, सहलीला निघालेलं. ज्याच्यावर खटला चाललाय त्याच्या घराबद्दल सिनेमा जवळजवळ काही सांगत नाही. सुरुवातीला कांबळे मुलांना शिकवताना दिसतात, तेवढं काय ते.

हॉस्टेलवर पाहिला तेव्हा मला याचाच राग आला होता. दलित शाहिराची गोष्ट, आणि कॅमेरा कुणाच्या डायनिंग टेबलावर बसलाय, असं मी तावातावाने बोललो होतो. तेव्हा काही समीक्षकांनीही असाच आक्षेप घेतला होता, आणि तो पोकळ नाही. ज्या माणसाच्या गाण्यावर सिनेमा उभा आहे त्याच्यापेक्षा त्याच्या वकिलाच्या किराणा खरेदीला जास्त वेळ मिळतो, हे खटकायलाच हवं. पण आईच्या त्या दोन वाक्यांनंतर मला वाटायला लागलं की ताम्हाणेने हे विसरून केलेलं नाही.

आपल्याकडे घर हा चारित्र्याचा दाखला असतो. मलकापुरात एखाद्याबद्दल चौकशी केली तर पहिलं उत्तर येतं, "माणूस घरचा चांगला आहे." संपलं. मग तो बाहेर काय करतो हे कुणी विचारत नाही. आपल्या सिनेमा-सिरीयलींनी हेच पक्कं केलंय. जी बाई घरी आल्यावर पदर खोचते ती चांगली. जो बाप पोराच्या फीसाठी दमतो तो चांगला. खलनायकाला घर नसतं, असलंच तर त्यात दारूच्या बाटल्या असतात. नूतनबाईंना ताम्हाणेने हा चांगुलपणाचा सगळा मालमसाला देऊन टाकलाय. लोकल, साडी, मुलगा, ओटा, नवऱ्याचं पथ्य. आपण नेहमीप्रमाणे 'बिचारी' म्हणून मोकळे होतो. आणि मग कोर्टाचा पुढचा दिवस येतो.

या बाई कोर्टात कशा बोलतात ते बघण्यासारखं आहे. कायद्याचा इंग्रजी मजकूर त्या धडाधडा, एका सुरात वाचतात, जसं आपण प्रतिज्ञा म्हणायचो. त्यात द्वेष नाही, चीडही नाही. पोलिसांनी दिलेला कागद आहे, तो वाचायचा आहे. जुन्या ड्रॅमॅटिक परफॉर्मन्सेस ॲक्टचा विषय निघतो. १८७६ चा कायदा, ब्रिटिशांनी नाटकवाल्यांना ताब्यात ठेवायला केलेला. आपल्याकडे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली, कारण कीचकात लोकांना कर्झन दिसत होता. असे कायदे त्या काळाचे. सिनेमा आला तेव्हा हा कायदा पुस्तकात होताच. अगदी अलीकडे, २०१८ च्या सुरुवातीला, तो रद्द झाला. नूतनबाईंना त्याचं वय खटकत नाही. कायदा आहे ना? मग आहे.

जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांशी बोलताना त्या सहज म्हणून जातात की टाकावं वीस वर्षं आत आणि संपवावं, तेच तेच चेहरे बघून कंटाळा येतो. मला हे वाक्य पहिल्या वेळी ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकलं आणि दचकलो, कारण हा सूर माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. महिना महिना उघडं पडलेलं एखादं तिकीट असतं ना, ज्याच्यावर रोज सकाळच्या कॉलमध्ये तेच बोलावं लागतं, त्याच्याबद्दल आम्ही असंच बोलतो. क्लोज कर बाबा, कसंही कर. आमच्याकडे तिकिटाच्या पलीकडे एखादं बटण चालत नसतं. इथे पलीकडे साठी ओलांडलेला माणूस आहे.

आणि मग रविवार. बाई नवऱ्यासोबत, मुलांसोबत बाहेर जेवतात आणि नाटकाला जातात. नाटक मराठी, विनोदी. मराठी बाप, त्याची मुलगी, तिने पसंत केलेला उत्तर भारतीय मुलगा, आणि बाप त्याला हाकलून देतो. प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणतं. वकीलबाईंचं कुटुंबही हसतंय. या प्रसंगाला सिनेमातला सगळ्यात धारदार प्रसंग म्हणतात, आणि आहेच तो. पण मला त्यातला नाटकवाला सगळ्यात जास्त जाणवतो. त्याच्यावर कुठला कायदा वाचला जात नाही. एक माणूस वस्तीत गातो तर गाण्यामुळे कुणी मेलं का याचा तपास होतो. दुसरा एसी थिएटरात एका अख्ख्या समाजाला हाकलून द्यायला सांगतो आणि ती फॅमिली आउटिंग होते. ताम्हाणे यावर चकार शब्द बोलत नाही. कॅमेरा नेहमीसारखा एका जागी ठेवून प्रेक्षकांचे चेहरे दाखवतो.

आता आरोपीच्या बाजूची घरं. मघाशी म्हटलं की ती दिसत नाहीत. दिसत नाहीत, पण ऐकू येतात, आणि ती कशी ऐकू येतात ते मला या सिनेमात सर्वात महत्त्वाचं वाटतं.

कांबळेंकडे सापडलेलं एक पत्र पुरावा म्हणून येतं. तुरुंगातल्या एका मित्राने लिहिलंय, माझ्या आईकडे लक्ष दे. पोलिसांचं म्हणणं, ही सांकेतिक भाषा आहे. सिनेमाभर नूतनबाईंच्या, व्होरांच्या, न्यायाधीशांच्या घरात माणसं एकमेकांची काळजी घेत असतात. कुणाला तेल कमी, कुणाला लग्नाचं स्थळ, कुणाच्या पोराला उपाय. ती काळजी म्हणजे काळजीच असते. या एका पत्रातली काळजी मात्र कट ठरते. कुणाच्या आईला आई समजायचं आणि कुणाच्या आईला कोडवर्ड, हे पोलिसांच्या कागदावर ठरतं.

दुसरं घर वासुदेव पवारचं. त्याची बायको शर्मिला साक्षीला येते. (हे काम उषा बाणे यांनी केलंय. सिनेमातल्या बहुतेकांसारख्या त्याही व्यावसायिक नटी नाहीत.) नवऱ्याबद्दल तिला प्रश्न विचारले जातात आणि एकेका उत्तरातून एक संसार बाहेर येतो. तो दारू प्यायचा, कारण वास सहन व्हायचा नाही. आत उतरताना अंगावर काही साधन नसायचं. आत गॅस आहे का हे कळायला आधी झुरळ बाहेर येतंय का ते बघायचा. गॅसमुळे एक डोळा गेलेला. ते गाणं कधी म्हणायचा का? तिला तसं आठवत नाही. ती हे रडून सांगत नाही. प्रश्न आला, उत्तर दिलं.

न्यायाधीश तिची उत्तरं टायपिस्टला इंग्रजीत सांगत जातात. मराठीतलं एक लांब, अडखळतं उत्तर एका सुटसुटीत इंग्रजी वाक्यात मावतं, आणि रेकॉर्डवर तेच राहतं. हॉस्टेलवर पाहताना मला हे नुसतं गमतीशीर वाटलं होतं, कोर्टात असंच चालतं म्हणून. आता वाटतं, वासुदेव आणि शर्मिलाच्या घराचा जो काही इतिहास सरकारदरबारी उरणार आहे तो एवढाच. कोतोव्हच्या घराला मिखाल्कोव्हने सव्वादोन तास दिले. पवारांच्या घराला साक्षीच्या पिंजऱ्यातली काही मिनिटं मिळाली, तीही परक्या भाषेत टाईप होऊन. ताम्हाणेने तिच्या खोलीत कॅमेरा नेऊन, भिंतीवरचा वासुदेवचा हार घातलेला फोटो दाखवून आपल्याला रडवलं असतं तर आपलं मन हलकं झालं असतं. त्याने ते होऊ दिलेलं नाही.

हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख द्या म्हणून सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. सिनेमात शर्मिला नुकसानभरपाईचं काही बोलत नाही. व्होरा तिला आपल्या गाडीतून घरी सोडतात आणि पैसे देऊ करतात. ती नको म्हणते, काही काम असेल तर बघा म्हणते. तिच्या संसाराची पुढची गोष्ट या एका वाक्यात आहे, आणि ती आपल्याला गाडीतूनच दिसते.

व्होरांच्या बाबतीत मात्र मला सिनेमा थोडा सोपा झाल्यासारखा वाटतो. विवेक गोंबरने काम छान केलंय, तो या सिनेमाचा निर्माताही आहे. पण सुपरमार्केटमधलं वाइन आणि चीज, गाडीतलं जॅझ, आईवडिलांची लग्नासाठी भुणभुण, हे जरा ठरवून मांडल्यासारखं दिसतं. पुढे एका जमातीच्या भावना दुखावल्या म्हणून रेस्टॉरंटबाहेर त्यांच्या तोंडाला काळं फासतात, मग ते पार्लरमध्ये जाऊन चेहरा साफ करून घेतात, घरी एकटे बसून रडतात. श्रीमंत, सज्जन, एकाकी वकील. हा माणूस आपल्याला लगेच कळतो आणि लगेच आवडतो, म्हणून तो नूतनबाईंइतका त्रास देत नाही. घरात एवढा पैसा असलेला माणूस एका शाहिराचा जामीन स्वतःच्या खिशातून भरतो, यातली अडचण सिनेमाला दिसते, पण तो तिच्यापाशी फार थांबत नाही.

कांबळेंचं न दाखवलेलं घर ज्यांना बघायचंय त्यांनी आनंद पटवर्धनचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) बघावा. रमाबाई नगरातला १९९७ चा गोळीबार, त्यात मेलेली दहा माणसं, आणि ते बघून जीव दिलेले शाहीर विलास घोगरे, तिथून तो सुरू होतो आणि कबीर कला मंचाच्या पोरांपर्यंत येतो. त्यात शीतल साठेच्या आईशी पटवर्धन बोलतात. लेक गाणी म्हणते म्हणून पोलीस मागावर आहेत, आणि ही आई आपल्या घरात बसून तिच्याबद्दल बोलते. 'कोर्ट'मध्ये कोडवर्ड ठरलेली आई इथे समोर बसलेली दिसते. पुढचं सिनेमात नाही, पेपरात आहे. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनाबाहेर पोलिसांना शरण आले. ती गरोदर होती. जूनमध्ये हायकोर्टाने तिला जामीन दिला. सचिन माळीला जामीन मिळाला जानेवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून. तोवर पोरगं तीन वर्षांहून मोठं झालं होतं.

'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे २०११ मध्ये पकडले गेले, २०१४ मध्ये निर्दोष सुटले, २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा आत, आणि जामीन २०२५ मध्ये. कांबळेंच्या दुसऱ्या अटकेचा प्रसंग २०१४ साली जगाला दाखवून झाला होता.

इथे मिखाल्कोव्हबद्दल एक सांगायला हवं. त्याचे वडील सेर्गेई मिखाल्कोव्ह यांनी सोव्हिएत राष्ट्रगीत लिहिलं, स्टालिनच्याच काळात. स्टालिन गेल्यावर त्याचं नाव काढून ते दुरुस्त केलं, आणि २००० साली नव्या रशियासाठी त्याच चालीवर पुन्हा नवे शब्द दिले. मुलगा पुढे पुतीनचा जाहीर समर्थक झाला. २०१० साली त्याने 'बर्न्ट बाय द सन'चा दुसरा भाग काढला, त्यात कोतोव्ह जिवंत आहे! गोळी घातली, निर्दोष ठरवलं, सगळं पडद्यावर लिहून दाखवलं होतं, आणि हा पुन्हा उभा. ज्या घरात ही माणसं वाढली, तिथे त्या काळात दारात आलेल्या गाडीला घाबरायचं कारण इतरांपेक्षा कमी असणार. म्हणजे त्या होडीतल्या उन्हाचा प्रत्येक कवडसा ज्याला पाठ आहे, तो बाजूला नूतनबाईंच्या घराचाच शेजारी निघाला. याने पहिला सिनेमा वाईट ठरत नाही. पण त्याला खुनी माणसांची घरं का दाखवावीशी वाटली नाहीत, याचं एक उत्तर मला इथे मिळाल्यासारखं वाटतं.

नारायण कांबळेंचं काम केलेले वीरा साथीदार नागपूरचे, तेही 'विद्रोही'शी जोडलेले, आयुष्यभर चळवळीतले. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. मे २०२५ मध्ये नागपुरात त्यांच्या स्मृतिकार्यक्रमात फैजची 'हम देखेंगे' गायली गेली. कुणीतरी तक्रार केली, आणि आयोजकांवर गुन्हा दाखल झाला, न्याय संहितेच्या कलम १५२ सकट, म्हणजे देशाच्या सार्वभौमत्वाला धोका. आयोजकांत साथीदारांच्या पत्नीही होत्या. सिनेमात न दिसलेल्या बायकोची गोष्ट अशी, नट गेल्यावर चार वर्षांनी, पोलीस स्टेशनात नोंदली गेली. एखाद्या पटकथाकाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

परत मलकापूर. सिनेमाच्या शेवटाकडे कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. कांबळे आजारी आहेत, व्होरा सांगून बघतात, न्यायाधीश सदावर्ते म्हणतात हायकोर्टात जा. लोक उठतात, पट्टेवाला एकेक दिवा बंद करतो, आणि पडदा काळा होतो. तो इतका वेळ काळा राहतो की आई उठली आणि दूध तापवायला गेली. "संपला का?" स्वयंपाकघरातून. मी म्हटलं, थांब, अजून आहे.

मग ती सहल. बस, गाणी, रिसॉर्टचं पाणी. प्रदीप जोशींचे सदावर्ते इथे मोकळे झालेत, हसरे झालेत. स्लीव्हलेस घातलं म्हणून एका बाईची केस पुढे ढकलणारा हाच माणूस, हे आता आठवतही नाही. एका नातेवाइकाचं मूल बोलत नाही, तर नावातली अक्षरं बदला, खडा घाला, असा मायेने सल्ला देतात. आईने मान हलवली. तिला तो सल्ला वेडगळ वाटला असेल, पण माणूस वाईट वाटला नाही. नंतर सदावर्ते बाकावर बसल्या बसल्या झोपतात. पोरं गुपचूप जवळ जाऊन एकदम ओरडतात आणि पळतात. ते दचकून उठतात, जो हाताला लागतो त्याच्या थोबाडीत देतात, आणि पुन्हा झोपतात. सिनेमा इथे संपतो. मला हा शेवट पहिल्यांदा फार चलाख वाटला होता. आताही तो जरा चलाखच वाटतो, पण त्या मुलाचा चेहरा कॅमेऱ्यापासून लांब आहे, आणि कुणीच मोठं माणूस काही म्हणायला येत नाही, हे मात्र बरोबर पकडलंय.

दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करून आई येऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, आमच्याकडे उसाच्या दराचं आंदोलन असलं की एकशे सातच्या नोटिसा निघायच्या. वरून यादी यायची, मी टाईप करायची, साहेब सही करायचे. शांततेचा बाँड लिहून द्या, नाहीतर आत. "एकदा एक बाई आली. कडेवर पोर. म्हणाली, मॅडम, ही नोटीस आमची नव्हं, ह्यात नाव येगळं हाय."

मी विचारलं, मग?

"खरंच चुकलं होतं. वडिलांचं नाव दुसरंच पडलं होतं." आईने रिमोट हातात घेतला. "मी यादी काढून बघितली, नाव दुरुस्त केलं, आणि नवीन नोटीस तिच्याच हातात दिली. परत यायला नको म्हणून."